गिरजाआक्काच्या दोनशे बाटल्या

एका गावात एक भोळा भाऊ होता आणि त्याला एक शहाणी बहीण होती. भावाचं नाव हौशीराम. बहिणीचं नाव गिरजा, पण सगळं गाव तिला गिरजाआक्का म्हणायचं. हौशीराम वेडा नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. द्राक्षाच्या बागेत तो दोन माणसांचं काम एकटा उरकायचा. फक्त तो सांगितलेलं काम करायचा आणि सांगितलं तसंच करायचा. ओट्यावर बस म्हटलं की बसायचा. ऊठ म्हणायला विसरलं की जेवणाचं ताट ओट्यावर न्यावं लागायचं.

आक्काच्या नवऱ्याला हौशीराम दाजी म्हणायचा. दाजींनी रीतसर परवाना काढून, शेडमध्ये दोन टाक्या बसवून, आपल्याच द्राक्षांची लाल वाइन केली होती. पहिलीच. विकायला दोनशे बाटल्या, वर चाखायला दोन. जांभळासारखा रंग, चव मऊ, घशाला न बोचणारी. ज्यानं आयुष्यात वाइन प्यायली नाही त्यालाही आवडावी अशी दाजींची इच्छा होती. वाइन टाकीत असतानाच, चैत्रात, दाजी गेले. बाटल्या आक्कानं भरल्या.

आता दसरा होऊन गेला होता. छाटणीचे दिवस आले होते. शेत सामाईक होतं आणि आक्काचे धाकटे दीर, नाना, यांना बागेत काही राम वाटत नव्हता.

"वहिनी, ती वाइन कोण पिणार? आपल्या गावात चहा उरत नाही. बाग तोडू, कांदा लावू."

"नानाभाऊजी, रविवारपर्यंत थांबा," आक्का म्हणाली. "शहरातल्या हॉटेलचे रणदिवेसाहेब येणार आहेत. त्यांनी बाटल्या घेतल्या तर बाग राहील. नाही घेतल्या तर मंगळवारी तुमचा ट्रॅक्टर आणा. मी बोलणार नाही."

रणदिवेसाहेबांनी एकच अट घातली होती. वाइन नुसती चाखणार नाही, जेवणाबरोबर चाखणार. ताटात काय चांगलं लागतं ते कळल्याशिवाय हॉटेलात कशी ठेवू, असं ते म्हणाले. आक्काला ते पटलं. तिनं गुरुवारपासून तयारी सुरू केली. हाताशी माणूस एकच होता. हौशीराम.

"हौश्या, शेडमधून एक बाटली आण. आपण आधी चव बघू."

हौशीराम गेला. सायकलच्या कॅरिअरला बाटली बांधली. वाटेत कुणाची तरी म्हैस ओढ्यात रुतली होती, ती काढायला थांबला. ऑक्टोबरचं ऊन. बाटली दोन तास उन्हात. घरी आली तेव्हा हाताला चटका बसत होता. आक्कानं घोट घेतला आणि डोळे मिटले.

"हा काढा झाला रे! ही वाइन माठातल्या पाण्याइतकी गार हवी. बोटांना गार लागली पाहिजे, दातांना नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून आणायची आणि घरी आल्यावर अर्धा तास पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायची."

"आधी सांगायचं ना, आक्का," हौशीराम म्हणाला.

तासाभरानं आक्कानं त्याला शेजारच्या मथुरामावशींकडे नागलीचे पापड आणायला पाठवलं. हौशीरामनं पापड ओल्या फडक्यात गुंडाळले. घरी आणून बादलीत बुडवले. घड्याळ बघत अर्धा तास शेजारी बसून राहिला, कारण काम म्हणजे काम. मग बादलीतून एक काळपट गोळा काढून त्यानं आक्काच्या हातात दिला.

"हे काय?"

"पापड."

"पन्नास पापड होते ना?"

"पन्नासच आहेत. आता एकत्र राहतायत."

आक्कानं कपाळावर हात मारला. "अरे, कोरड्या डब्यात घालायचं! झाकण घट्ट लावायचं! वारा म्हणून लागू द्यायचा नाही!"

"आधी सांगायचं ना, आक्का."

शुक्रवारी आक्कानं ठरवलं की पाहुण्यांना गावठी कोंबड्याचा रस्सा करू. वाइन मऊ आहे, तिखट बेतानं घालू, चांगलं जमेल. हौशीराम मळ्यातल्या बबनकडे कोंबडा आणायला गेला. जाताना पिठाचा रिकामा डबा घेऊन गेला. डबा कोरडा होता. झाकण घट्ट होतं.

येताना वाटेत नाना भेटले.

"काय रे हौश्या, डब्यात काय?"

"कोंबडा."

"ओरडतोय की रे."

"ओरडू दे. वारा तर लागत नाही ना?"

"नाही लागत."

"मग झालं."

अंगणात येऊन त्यानं झाकण काढलं. आतून एक पांढरी वस्तू निघाली. ती आधी आक्काच्या डोक्यावर बसली, मग तुळशीवर, मग मथुरामावशींच्या कौलांवर, आणि तिथून तिनं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं काहीतरी कोंबड्याच्या भाषेत सांगितलं. कोंबडा त्यानंतर कुणाच्याच हाती लागला नाही.

"अरे बाबा, ज्याला जीव आहे त्याला वारा लागतो," आक्का म्हणाली. "झाकण उघडं ठेवायचं असतं. कोंडून घेऊन कुणी जगतं का?"

एवढं बोलून ती केसांतलं पीठ झटकून आत गेली आणि टोपलीतली वांगी मोजायला लागली. रस्सा नाही तर भरीत.

"आधी सांगायचं ना," हौशीराम अंगणातूनच म्हणाला.

शनिवारी त्याला गोठ्यावरून किटलीभर दूध आणायचं होतं. दुधात जीव नसतो, हे हौशीरामला माहीत होतं. पण दूध म्हशीचं होतं आणि म्हशीत जीव होता. त्यानं वाटेवर बराच विचार केला आणि झाकण काढून खिशात ठेवलं. सायकल दगडागोट्यांतून आली. किटली घरी पोचली. दूध वाटेत राहिलं.

या वेळी आक्का ओरडली नाही. तिनं त्याला समोर बसवलं आणि एकेक शब्द सावकाश सांगितला. "जे पातळ आहे ते सांडायचं नाही. भांडं काठोकाठ भरलेलं असलं तरी वर झाकण ठेवायचं आणि मुंगीच्या पावलानं चालायचं. कळलं?"

"कळलं. आधी..."

"आधी सांगायचं ना. माहीत आहे मला."

रविवार उजाडला. आक्कानं चुलीच्या निखाऱ्यावर वांगी भाजली. वरची साल करपून काळी झाली, आतला गर लोण्यासारखा झाला. त्यात कांद्याची पात, भाजलेले दाणे आणि तेल. मिरच्या नेहमीच्या निम्म्या. दाण्याची आमटी केली. बाजरीच्या भाकरी थापल्या. ठेचा केला, पण तो वेगळ्या वाटीत, ज्याला हवा त्याच्यासाठी.

दुपारी बाराला रणदिवेसाहेब स्वतः गाडी चालवत आले. गोल चेहऱ्याचे, हसरे, पन्नाशीचे. नानाही जेवायला आले होते. पाहुणा नाही म्हणेल तेव्हा आपण समोर असावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

"हौश्या, वाइन आण," आक्का म्हणाली.

बाटली पहाटेपासून ओल्या फडक्यात होती. आक्कानं ती स्वतः गुंडाळली होती. हौशीरामनं ती स्वयंपाकघरात उघडली आणि काचेचे नवे पेले भरले. काठोकाठ. प्रत्येक पेल्यावर चहाची बशी झाकली. मग तो निघाला. स्वयंपाकघरापासून पडवीपर्यंत बारा पावलं. त्याला इतका वेळ लागला की रणदिवेसाहेबांनी मधे एक फोन उरकून घेतला. थेंब सांडला नाही.

"झाकण कशाला?" साहेबांनी विचारलं.

"पातळ आहे," हौशीराम म्हणाला.

साहेब हसले. नाना जास्त हसले. आक्का हसली नाही.

"हे बघा हौशीराम," साहेब समजावत म्हणाले, "पेल्याचा तिसरा हिस्साच भरायचा. वर जागा मोकळी राहिली की वाइन हलवता येते. हलवली की वास वर येतो. वास घेतल्याशिवाय चव निम्मीच कळते."

त्यांनी जादा वाइन दुसऱ्या रिकाम्या पेल्यांत ओतली, आपला पेला गोल फिरवला, नाक खुपसून वास घेतला, घोट घेतला, तोंडात इकडून तिकडे घोळवला. आणि शेजारच्या रिकाम्या वाडग्यात थुंकून टाकला.

नाना मांडीवर थाप मारून म्हणाले, "थुंकला! वहिनी, बघितलं ना? पाहुणा थुंकला. मंगळवारी ट्रॅक्टर सांगतो."

आक्काच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"अहो नाही, नाही!" साहेब घाईनं म्हणाले. "ताई, ही आमची पद्धत आहे. पहिला घोट थुंकायचा. चव जिभेला कळते, पोटाला नाही. शिवाय मला गाडी चालवत परत जायचंय. जेवताना घेईन, तेही दोन घोट. यात अपमान नाही. उलट नीट लक्ष देऊन चाखलं, असा त्याचा अर्थ."

आक्काचा जीव भांड्यात पडला. ती भरीत वाढायला उठली. वाढता वाढता तिला शंका आली.

"हौश्या, मीठ बरोबर आहे का बघ रे."

हौशीरामनं वाटी गोल फिरवली. नाक खुपसलं. घास घेतला, तोंडात इकडून तिकडे घोळवला. आणि साहेबांच्या वाडग्यात थुंकून टाकला.

"अरे मेल्या!" आक्का किंचाळली.

"मीठ बरोबर आहे," हौशीराम म्हणाला. "नीट लक्ष देऊन चाखलं."

रणदिवेसाहेबांना इतकं हसू आलं की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. आक्कानं वाडगं उचलून नेलं आणि जाताना भावाच्या पाठीत एक धपका घातला. "ते वाइनसाठी! अन्नावर कुणी थुंकतं का?"

"आधी सांगायचं ना!"

मग जेवण सुरू झालं. साहेबांनी भाकरीबरोबर भरिताचा घास घेतला, वर वाइनचा छोटा घोट घेतला आणि थांबले. पुन्हा घास, पुन्हा थांबणं. आक्का दाराशी उभी राहून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"ताई, सुरुवातीला ही जरा मिटलेली वाटली मला. रागावून बसल्यासारखी. आता बघा कशी बोलायला लागलीय. वांग्याचा धुरकट वास आणि हिचा जांभळाचा वास, दोन्ही एकमेकांना धरून आहेत. तेलामुळे आणखी मऊ लागते."

"आणि ठेच्याबरोबर?" नानांनी विचारलं.

"ठेच्याबरोबर नको. तिखट आणि लाल वाइन यांचं जमत नाही. दोन्ही एकमेकांना पेटवतात."

नानांना हे कुणी सांगितलेलं आवडलं नाही. त्यांनी ठेच्याचा सुपारीएवढा गोळा तोंडात टाकला आणि वर वाइनचा मोठा घोट घेतला. त्यांचे कान लाल झाले. मग नाक. मग ते उठून अंगणातल्या हौदाकडे गेले आणि बराच वेळ तिकडेच होते. परत आले तेव्हा मुकाट्यानं भरीत घेतलं, घोट घेतला. पुन्हा भरीत घेतलं. मत मात्र त्यांनी काही दिलं नाही.

जेवण संपलं. साहेबांनी हात धुतले आणि म्हणाले, "ताई, दोनशेच्या दोनशे बाटल्या मी घेतो. उद्या सकाळी दहाला गाडी पाठवतो. हॉटेलात भरीत-भाकरीचं ताट लावीन, सोबत ही वाइन."

आक्कानं पदर डोळ्यांना लावला. चुलीचा धूर फार झाला, असं म्हणाली. चूल केव्हाच विझली होती.

निघताना साहेबांनी हौशीरामच्या खांद्यावर हात ठेवला. "एक गोष्ट लक्षात ठेवा. आज बाटली ऐन वेळी उघडलीत, म्हणून पहिले घोट मिटलेले लागले. बाटली पाहुणा यायच्या अर्धा तास आधी उघडायची."

"कोणतीही बाटली?"

"या वाइनची कोणतीही."

"म्हणजे दहाला माणूस येणार असेल तर साडेनऊला?"

"शाबास! बरोब्बर साडेनऊला."

हौशीरामला मनापासून बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणीतरी आधी सांगितलं होतं.

सोमवारी सकाळी नऊला आक्का मथुरामावशींकडे गेली. बाटल्या फुटू नयेत म्हणून खाली पसरायला भाताचा पेंढा हवा होता. दोघी पेंढ्याच्या पेंड्या बांधत होत्या, तेवढ्यात देवळातली घंटा वाजली. एकदाच, पण दणकून.

"या वेळेला कसली गं आरती?" मथुरामावशी म्हणाल्या.

"कुणाचा तरी नवस असेल," आक्का म्हणाली. तिचं मन हलकं होतं. डोक्यावर पेंढा घेऊन ती शेडकडे निघाली तेव्हा दहाला पाच कमी होते. शेडसमोर गाडी उभी होती. ड्रायव्हर बोनेटला टेकून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

शेडच्या अंगणात दोनशे बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. एकीवरही झाकण नव्हतं. प्रत्येक पाच बाटल्यांमागे गावातला एक माणूस उभा होता, असे चाळीस. सरपंच होते. बबन होता. शाळेचे गुरुजी होते. शेवटच्या पाच बाटल्यांमागे नाना होते.

"आक्का," हौशीराम पुढे येऊन म्हणाला, "एकट्यानं उघडल्या असत्या तर पहिली आणि शेवटची यांत फरक पडला असता. म्हणून घरोघर जाऊन चाळीस माणसं बोलावली. घंटा वाजली की सगळ्यांनी एकदम. बरोब्बर साडेनऊ. एकही मिनिट इकडेतिकडे नाही. गुरुजींना विचार."

गुरुजींनी खाली बघत मान हलवली.

आक्काच्या डोक्यावरचा पेंढा खाली पडला. ती त्याच्यावरच बसली.

"ताई, उघड्या बाटल्या मी कशा नेऊ?" ड्रायव्हर म्हणाला. "घाटात सगळी सांडेल."

"आणि उघडलेली वाइन टिकत नाही ना?" नानांनी विचारलं.

"उद्यापर्यंत," आक्का म्हणाली. "फार तर परवा."

"मंगळवारपर्यंत," नाना म्हणाले. ट्रॅक्टरचं नाव त्यांनी काढलं नाही. त्यांच्या हातात पेला होता. तो त्यांनी आधीच तिसरा हिस्सा भरला होता आणि सवय असल्यासारखा फिरवत होते.

आक्कानं रणदिवेसाहेबांना फोन लावला. सगळ्यांना ऐकू यावा म्हणून हौशीरामनं बटण दाबून आवाज मोठा केला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण तेवढं त्याला येत होतं.

"साहेब, बाटल्या उघडल्या गेल्या."

"किती?"

"सगळ्या."

"दोनशेच्या दोनशे?"

"हो."

फोनमधून एक आवाज आला. खोकला असावा असं आधी वाटलं. रणदिवेसाहेब हसत होते.

"ताई, आज माझ्याकडे साठ माणसांची पंगत आहे दुपारी. कुणाची तरी पंच्याहत्तरी. वाइन इकडे येत नसेल तर माणसं तिकडे येतील. बसनं आणतो. वांगी भाजायला घ्या, जेवणाचे आणि दोनशे बाटल्यांचे पैसे हॉटेल देईल. आणि पुढच्या वर्षीच्या बाटल्या मी आजच मागून ठेवतो. तेवढ्या मात्र बंद द्या."

आक्कानं नानांकडे बघितलं. अंगणातल्या चाळीस माणसांनीही नानांकडे बघितलं. नानांनी पेल्यातला घोट संपवला आणि द्राक्षाच्या मांडवाकडे नजर टाकली. वेल पानांनी गच्च भरलेले होते.

"साठ माणसं म्हणजे सावली लागणार," नाना म्हणाले. "मांडवाखाली बसवू. छाटणी आठ दिवस पुढं गेली तरी चालेल."

छाटणी म्हणाले. आक्कानं तो शब्द नीट ऐकला. ती पेंढ्यावरून उठली, लुगड्यावरच्या काड्या झटकल्या आणि फोन भावापुढे धरला.

"घे. साहेबांची माफी माग आधी."

हौशीरामनं फोन दोन्ही हातांनी धरला. घड्याळाकडे बघितलं. त्याचा चेहरा गंभीर झाला.

"साहेब, मी वेळेवर उघडल्या होत्या," तो म्हणाला. "पण आता दहा वाजून दहा मिनिटं झालीत आणि तुम्ही अजून तिकडेच. दोनशे बाटल्या ताटकळत उभ्या आहेत. यापुढे उशीर होणार असेल तर आधी कळवत चला."